कन्नड घाटात बंद पडणारी एमजीबी आणि तिचे जुळे एसयू कार्बोरेटर

प्रश्न थोडक्यात असा. गाडी जळगावची, १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू एचएस-४ कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारे). सकाळी गावात छान चालते. मे महिन्यात दुपारी चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढायला लागलं की आचके खाते. वर चहाला थांबलं की अर्धा तास सेल्फ मारूनही उठत नाही. आयडल, म्हणजे पॅडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, कधी ६०० आरपीएम, कधी १,२००. पुढच्या दोन सिलिंडरचे प्लग पांढरट, मागच्या दोनांवर काजळी. गॅरेजमध्ये 'तेल (म्हणजे पेट्रोल) कमी पडतंय' म्हणून दोन्ही जेटचे नट खाली घेतले. जेट म्हणजे पेट्रोल येण्याचं भोक, नट खाली घेतला की पेट्रोल वाढतं. आता घाटात तशीच बंद पडते आणि गावात धूरही सोडते.

भाऊ, या गाडीला दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांवर एकच औषध दिलंय. घाटातलं बंद पडणं हा उष्णतेचा आजार. प्लगांचे दोन रंग आणि नाचणारं आयडल हा कार्बोरेटरचा. उष्णतेचा आजार नट फिरवून बरा होत नाही. उलट चांगलं बसलेलं हवा-पेट्रोलचं मिक्स्चर बिघडतं, मग खरं दुखणं कुठलं ते कळेनासं होतं. म्हणून आधी उष्णतेचं बघू.

एमजीबीत पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप मागच्या बाजूला, टाकीजवळ असतो. तो पेट्रोल ढकलतो, ओढत नाही. फियाट पद्मिनी किंवा हेराल्डचा पंप इंजिनलाच लागलेला असतो आणि लांबून ओढतो, त्यामुळे उन्हात पंपाच्या तोंडाशीच वाफ धरते आणि पंपावर ओली चिंधी टाकली की गाडी उठते. तो उपाय एमजीबीला लागू नाही. इथे उकळतं ते पुढे, कार्बोरेटरला लागून पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या भांड्यात आणि इंजिनवरून आडव्या गेलेल्या नळीत. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत येण्याची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जाण्याची) एकाच बाजूला आहेत, दोन्ही कार्बोरेटर थेट तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वर बसलेत. चालत्या गाडीत वारा असतो. गाडी उभी केली की पंख्याचाही वारा थांबतो आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालचं तापमान चढतच जातं. पेट्रोलमधले हलके भाग ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४ असतं.

बंद पडल्यावर नेमकं काय झालंय हे जागेवरच कळतं. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, मागे जाऊन कान द्या. पंप चार-सहा वेळा टकटक करून थांबला तर भांडी भरलेली आहेत, पुरवठा ठीक आहे. न थांबता खडखडत राहिला तर तो वाफ किंवा हवा ओढतोय, नाहीतर टाकी रिकामी आहे. अजिबात आवाज नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटलेत किंवा करंट पोचत नाही. पंपाच्या अंगावर पान्ह्याचा हलका ठोका दिल्यावर चालू झाला तर पॉइंट गेले असं समजा. थांबून पुन्हा दर पाच-दहा सेकंदांनी एखादी टक् येत असेल, तर पुढची एखादी फ्लोट सुई (भांडं भरलं की पेट्रोल बंद करणारी) गळतेय.

आता पुढे या. भांड्याच्या झाकणाला असलेल्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब पडतायत का, एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा उग्र वास येतोय का, ते बघा. येत असेल तर भांड्यातलं पेट्रोल उकळून जेटमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये सांडलंय. म्हणजे अशा वेळी इंजिनला तेल कमी पडत नसतं, जास्त झालेलं असतं. चोक ओढायचा नाही. पॅडल दाबून दाबून सोडण्यातही अर्थ नाही. एसयूला ॲक्सिलरेटर पंपच नसतो, पॅडल मारून एक थेंबही जास्त येत नाही, नुसती बटरफ्लाय (हवेची वाट उघडणारी चकती) हलते. पॅडल अर्धं दाबून तसंच धरा आणि सलग सहा-सात सेकंद सेल्फ मारा. साचलेली वाफ निघून गेली की धडपडत उठते.

त्याआधी मात्र एकदा स्पार्क तपासा. कंडेन्सर किंवा कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारे भाग) तापल्यावर जाते आणि थंड झाल्यावर परत येते. लक्षण अगदी हेच. एक जुना प्लग वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही असं दिसलं तर कार्बोरेटरला हात लावू नका. हे करताना प्लग कार्बोरेटरपासून लांब धरा, तिथे वाफ साचलेली असते. १९६७ पर्यंतच्या बहुतेक एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. नवी कॉइल बसवताना किंवा टायमिंग लाइट जोडताना हे आधी बघा, नाहीतर उलटी जोडणी होऊन कॉइल कमजोर ठिणगी देते.

उष्णतेवरचे उपाय सगळे साधे आहेत. कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये काळ्या फायबरचे जाड स्पेसर आहेत का बघा. ओव्हरहॉल करताना ते हरवले की नुसत्या कागदी गास्केटवर काम भागवलेलं सापडतं. त्यांच्या मागची पत्र्याची हीट शील्डही कित्येकदा 'कामात अडते' म्हणून काढून ठेवलेली असते. ती परत बसवा. तिच्यावरचं जुनं अस्तर ॲस्बेस्टॉसचं असेल तर खरवडू नका, ब्रशने झाडू नका. नवी शील्ड घ्या किंवा त्यावरून उष्णतारोधक चकाकणारी चादर लावा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून निदान चार बोटं लांब हवी. काचेचा पेट्रोल फिल्टर मॅनिफोल्डच्या डोक्यावर लटकवलेला असेल तर तो मागे, पंपाजवळ न्या. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असतो, उष्ण हवामानासाठी ७४ चा येतो, आपल्याकडे तोच टाका. थर्मोस्टॅट काढून फेकू नका. त्यामुळे गाडी थंडीत कधी तापत नाही आणि मिक्स्चर नीट लावताच येत नाही. घाट चढून वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन-तीन मिनिटं जरा चढ्या आयडलवर ठेवा आणि मग बॉनेट उघडं टाका. निम्मा त्रास एवढ्यानेच जातो.

आता इथेनॉल. आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. हिशेब केला तर त्याच जेटवर इंजिन सुमारे सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी) चालतं. आता उलटी बाजू बघा. हवा २० अंशांवरून ४४ वर गेली की साडेसात टक्क्यांनी विरळ होते, आणि एसयूसारख्या कार्बोरेटरमध्ये त्यामुळे मिक्स्चर साधारण चार टक्के रिच (पेट्रोल जास्त) होतं. म्हणजे मे महिन्यातली उष्णता इथेनॉलचा निम्मा लीनपणा झाकून टाकते. उन्हाळ्यात बरोबर लावलेली गाडी डिसेंबरात, पहाटे १० अंशांवर, खोकते आणि एअर फिल्टरमध्ये फटाके फोडते ती यामुळे. एसयू लावायचे दिवस म्हणजे आपले भरिताचे दिवस, हिवाळा, सकाळी नऊ-दहाची वेळ. मग उन्हाळ्यात गरज वाटली तर जेटचा नट एक पैलू (सहा बाजूंच्या नटाची एक बाजू) वर घ्यायचा.

इथेनॉलने जुने रबर फुगतात आणि बुचाच्या लाकडाचे सील विरघळल्यासारखे होतात. जेटच्या खालची नायलॉन नळी, तिचं रबरी वायसर, फ्लोट सुई आणि सगळ्या रबरी नळ्या एकदाच बदलून टाका. सुई व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) टोकाची घ्या, नळी इथेनॉल चालणारी, तिच्यावर 'आर ९' असं छापलेलं असतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर भांडी रिकामी करा. इथेनॉल पावसाळ्यातली दमट हवा पितं, पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि भांड्यात पांढरी बुरशीसारखी राख धरते.

इथून पुढे खरं कार्बोरेटरचं काम. या इंजिनात पुढचा कार्बोरेटर १ आणि २ नंबरला पोसतो, मागचा ३ आणि ४ ला. पुढचे दोन पांढरे आणि मागचे दोन काळे असतील, तर पुढचा बाहेरून कुठून तरी हवा घेतोय आणि मागचा तेल जास्त देतोय. सगळ्या इंजिनचा दोष असता तर चारही प्लगांचा रंग सारखाच आला असता. तरीही आधी इंजिनची बाकी कामं: व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनवर ०.०१५ इंच, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट ०.०१४ ते ०.०१६, प्लगची ०.०२५, टायमिंग पुस्तकाप्रमाणे. हे न करता एसयू लावायला बसणं म्हणजे दिवस वाया.

पुढच्याने हवा घेण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे बटरफ्लायची दांडी. खानदेशातली काळ्या मातीची बारीक धूळ दांडीच्या टोकांना ग्रीसमध्ये कालवली जाते आणि पॉलिश पेपरसारखी घासते. त्यात जिनिंगच्या दिवसांत कापसाचा तंतू एअर फिल्टरवर गादीसारखा बसतो, तो वेगळाच. दांडी बोटांनी वर-खाली, मागे-पुढे हलवून बघा. हाताला खेळ जाणवला तरी तो जास्तच आहे. खात्री करायची तर इंजिन आयडलवर ठेवा, एअर फिल्टर काढा आणि दांडीच्या टोकाशी कार्बोरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारा. आरपीएम बदलले तर गळती तिथेच. खाली एक्झॉस्ट तापलेलं आहे, त्यामुळे आधी आग विझवण्याचा सिलिंडर जवळ ठेवा, बिडीवाल्याला दुकानाबाहेर पाठवा. एचएस-४ ची दांडी ५/१६ इंची असते. नुसती नवी दांडी घालून भागलं तर उत्तम. भोकंच लांबट झाली असतील तर लेथवाल्याकडून रीमर मारून बुश बसवून घ्या. बटरफ्लायचे दोन स्क्रू मागून मुद्दाम चिरलेले असतात, ते नेहमी नवे घ्या आणि कसल्यावर टोकं नीट पसरवा. सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्येच जातो.

मागचा तेल जास्त देतोय याची तीन कारणं असतात, तपासायची याच क्रमाने. पहिलं चोक. एसयूत चोक म्हणजे झडप नाही, तिथे जेटच खाली ओढलं जातं. केबलमध्ये धूळ बसली की चोक आत सारूनही जेट अर्ध्यात अडकतं. गाडीखाली न जाता बोटाने जेटचं डोकं वर दाबून बघा. किंचित जरी वर सरकलं तरी ते नटाला टेकलेलं नव्हतं. कितीतरी 'रिच' कार्बोरेटर एवढ्यावर बरे होतात. दुसरं फ्लोट. झाकण उलटं धरा, फ्लोटच्या वजनाने सुई बंद होऊ द्या. झाकणाची कड आणि फ्लोट यांच्यामधून एक सुताचा म्हणजे १/८ इंचाचा ड्रिल बिट जायला हवा, दीड सुताचा म्हणजे ३/१६ चा जायला नको. फट कमी असेल तर पेट्रोलची पातळी जास्त. तिसरं पिस्टनला लावलेली, जेटमध्ये उतरणारी सुई आणि जेट यांची झीज. जेटचं भोक वरून भिंगाने बघा. गोल असेल तर ठीक, अंड्यासारखं झालं असेल तर जेट आणि सुई दोन्ही बदला.

आता डॅशपॉट, म्हणजे वरचा घुमट. एक एक करून उघडा. घुमट आणि त्यातला पिस्टन (इंजिनचा नव्हे, कार्बोरेटरचा) ही जोडी असते, पुढचा पिस्टन मागच्या घुमटात घालायचा नाही, खुणा करून ठेवा. धुवायला पेट्रोल आणि मऊ फडकं, पॉलिश पेपर चुकूनही नाही. पिस्टनच्या अंगाला तेल लावायचं नसतं, मधल्या दांडीला एकच थेंब. स्प्रिंग लाल रंगाची हवी. एकात लाल आणि एकात निळी सापडली तर दोन कार्बोरेटर कधीच जुळणार नाहीत. सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट बसला पाहिजे, ना वर ना आत. पिस्टनची भोकं बंद करून तो घुमटात पूर्ण आत सारा, जोडी उलटी करून पिस्टन धरा आणि त्यावरून घुमट आपोआप किती वेळात खाली उतरतो ते घड्याळावर मोजा. पाच ते सात सेकंद योग्य. लगेच आपटला तर घुमट किंवा पिस्टन झिजलाय, अडकला तर कुठे तरी ठोका बसलाय.

परत बसवल्यावर जेटचा नट पूर्ण वर घेऊन पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. स्वच्छ 'टक्' आवाज यायला हवा. मग जेट पूर्ण खाली घेऊन पुन्हा सोडा. दोन आवाजांत फरक असेल तर जेट मध्यावर नाही आणि सुई त्याच्या कडेला घासतेय. जेटचा मोठा लॉकनट सैल करा, डँपर (घुमटाच्या टोपीला लागलेली, तेलात बुडणारी दांडी) काढून वरून पेन्सिलने पिस्टन तळापर्यंत दाबून धरा आणि तसंच धरून लॉकनट कसा. दोन-तीनदा करावं लागतं. लॉकनट कसताना जेट सरकतं, तिथेच सगळ्यांचा धीर सुटतो.

डँपरमध्ये २० ग्रेडचं तेल. ते न मिळाल्यास इंजिनचंच २०डब्ल्यू-५० चालतं, ४४ अंशांत ते पुरेसं पातळ असतं. ९० नंबरचं गिअर ऑइल नको, ब्रेक ऑइल तर नकोच. टोपीला भोक असेल तर तेल पोकळ दांडीच्या चार सूत वर, नसेल तर चार सूत खाली. रेस दिल्याबरोबर गाडी क्षणभर गिळते आणि मग पळते, तेव्हा डँपर कोरडा असतो. याला सगळे 'पिकअप नाही' म्हणतात आणि नट खाली घेतात.

आता लावणी. दोन्ही जेट पूर्ण वर, पिस्टन जिथे टेकतो त्या पुलाशी सपाट, आणि तिथून नट दोन फेरे म्हणजे बारा पैलू खाली. दोन्हीकडे सारखे मोजून. दोन बटरफ्लाय जोडणारे क्लँप सैल करा. इंजिन पूर्ण तापवा, नुसता काटा वर आला की झालं असं नाही, दहा-बारा किलोमीटर चालवून आणा. एअर फिल्टर काढून दीड-दोन फूट रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात, दर वेळी त्याच जागी धरा. सूं-सूं आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत आयडलचे स्क्रू थोडे थोडे फिरवा, ७५० च्या आसपास आणा. हवा मोजायचं यंत्र असेल तर चांगलंच, पण कानाला सवय झाली की नळी कमी पडत नाही.

आवाज जुळल्यावर मिक्स्चर. प्रत्येक कार्बोरेटरखाली पिस्टन उचलायची छोटी पिन असते. ती दाबून पिस्टन जेमतेम १/३२ इंच, नखाच्या जाडीइतका उचला. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर रिच, नट एक पैलू वर. इंजिन ढेपाळून बंद व्हायला आलं तर लीन, एक पैलू खाली. क्षणभर किंचित वाढून जाग्यावर आले की बरोबर. एका वेळी एकच पैलू, आणि प्रत्येक वेळी जेटचं डोकं वर दाबून नटाला टेकल्याची खात्री. एक कार्बोरेटर बदलला की दुसऱ्याचं वाचन हलतं, म्हणून दोघांमध्ये तीन-चार फेऱ्या होतात. दर दोन-तीन मिनिटांनी २,५०० पर्यंत एकदा रेस देऊन प्लग साफ करा, नाहीतर काजळीवरच निर्णय होतात. सायलेन्सरच्या आवाजावरूनही कळतं: काळा धूर आणि ठरावीक अंतराने डब-डब म्हणजे रिच, धूर नाही आणि वेडावाकडा फटफटाट म्हणजे लीन. इथेनॉलमुळे तुमच्या गाडीवर हे वाचन बारा पैलूंच्या खाली, तेरा किंवा चौदावर बसेल. अठरावर गेलात तर थांबा, कुठे तरी हवा गळतेय.

शेवटी क्लँप कसताना ०.०१२ इंचाची फिलर पट्टी लिव्हरखाली ठेवून कसा, म्हणजे पॅडल सोडल्यावर दोन्ही बटरफ्लाय पूर्ण मिटतात. पट्टी न ठेवता कसलं की एक बटरफ्लाय किंचित उघडी राहते आणि आयडल पुन्हा नाचायला लागतं. तुमचं ६०० ते १,२०० चं आयडल मला निम्मं दांडीचं आणि निम्मं या क्लँपचं वाटतं.

नटाने फक्त आयडलजवळचं मिक्स्चर नीट लागतं. लोडवर सुईचा आकार काम करतो. तुमच्या पाच बेअरिंगच्या इंजिनला मूळची सुई ५ नंबरची, रिच ६ आणि लीन २१. सुईवर नंबर कोरलेला असतो, दोन्हीकडे एकच आहे ना बघा. एखाद्या रिकाम्या चढाच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा मिनिट पूर्ण पॅडल द्या, क्लच दाबून इंजिन बंद करा, कडेला थांबून प्लग काढा. विटकरी-भुरा रंग हवा. आयडल बरोबर असूनही लोडवर चारही प्लग चुनखडीसारखे पांढरे निघाले, तर ६ नंबरच्या दोन सुया मागवा. ही चाचणी कन्नड घाटात करू नका, तिथे मागे गाड्यांची रांग असते.

कामाचा क्रम तुमच्यासाठी असा ठेवा: पहिल्या रविवारी स्पेसर, शील्ड, नळ्या आणि स्पार्क. त्यानंतर नट होते तिथे, बारा पैलूंवर, परत आणा आणि तशीच गाडी एकदा घाटात नेऊन बघा. वर पोचून अर्ध्या तासाऐवजी पाच मिनिटांत उठली, तर दांडी, बुश आणि सुयांचं काम भरिताच्या दिवसांपर्यंत थांबलं तरी चालेल. तोपर्यंत मागच्या कार्बोरेटरचं जेट मात्र दर आठवड्याला बोटाने वर दाबून बघत जा.